वल्हे आणि वजनकाटा

पुण्याहून निघून नीरा नदीवरचा पूल ओलांडला की सातारा जिल्हा सुरू होतो आणि पहिले मोठे गाव लागते ते शिरवळ. पहाटे साडेपाचला इथे महामार्गाच्या सेवारस्त्यावर आणि औद्योगिक वसाहतीच्या रस्त्यांवर मुले पळताना दिसतात. कुणी पोलीस भरतीसाठी, कुणी सैन्य भरतीसाठी. अंगात बनियन, पायात झिजलेले बूट, हातात मोबाइलवरचे घड्याळ. बहुतेकांना कुणी शिकवणारे नसते. गावातला आधी भरती झालेला एखादा दादा जे सांगेल तो व्यायाम आणि जे सांगेल तो आहार. पूर्वेला वीर धरणाचे पाणी पसरलेले असते. त्यावर दिसली तर एखाददुसरी मासेमारीची होडी दिसते.

या मुलांपैकी कुणाला इस्माईल बेग हे नाव माहीत असण्याची शक्यता फार कमी आहे. क्रिकेटच्या प्रशिक्षकाचे नाव शाळकरी पोरही सांगते. पण भारतीय नौकानयन संघाला आशियाई पातळीवर उभे करणाऱ्या या माणसाला २००५ साली द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला आणि त्यानंतरही तो जवळजवळ दोन दशके त्याच कामात राहिला, ही बातमी क्रीडापानाच्या तळाशी कुठेतरी येऊन गेली असेल. आरोग्याच्या स्तंभात त्यांच्याविषयी लिहिण्याचे कारण मात्र पदके नाहीत. माणसाचे शरीर किती ओढावे आणि कुठे थांबावे, हा डॉक्टरांचा रोजचा प्रश्न आहे. यशस्वी प्रशिक्षकाची सगळी कारकीर्द त्याच प्रश्नावर उभी असते.

२०१८ सालच्या आशियाई स्पर्धेपासून सुरुवात करू. जकार्ता आणि पालेमबांग या दोन शहरांत ती झाली. नौकानयन होते पालेमबांगच्या जकाबारिंग तलावात. बेग भारताचे मुख्य प्रशिक्षक होते. २३ ऑगस्टला भारतीय नौका एकामागून एक अंतिम फेरीत उतरल्या आणि हाती एकही पदक लागले नाही. नाशिक जिल्ह्यातल्या चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ एकेरीत शेवटचा आला. त्याची तब्येत बरी नव्हती. स्वर्ण सिंग आणि ओमप्रकाश दुहेरीत पदकापासून थोडक्यात चुकले. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, हेच तिघे आणि सुखमीत सिंग असे चौघे क्वाड्रुपल स्कल्स या चौघांच्या शर्यतीत उतरले आणि ६ मिनिटे १७.१३ सेकंदांत सुवर्णपदक घेऊन आले.

वर्तमानपत्रांनी याला जिद्दीची कहाणी म्हटले. जिद्द होतीच, चौघेही फौजी. पण आदल्या दिवशी जीव तोडून वल्हवलेले स्नायू चोवीस तासांत पुन्हा तसेच चालतात, याला जिद्दीखेरीज दुसरेही काही लागते. स्नायूंतला साखरेचा साठा भरून यायला हवा, घामावाटे गेलेले पाणी आणि मीठ परत मिळायला हवे, झोप व्हायला हवी. आजारी असलेल्याला उतरवायचे की नाही, हे तर कुणालातरी ठरवावेच लागते. हा निर्णय चुकला असता तर दोष प्रशिक्षकाकडे गेला असता. बरोबर ठरला म्हणून तो कुणाच्या लक्षातही आला नाही. वैद्यकातही असेच होते. टळलेल्या आजाराचे आभार कुणी मानत नाही.

नौकानयनाला आपल्याकडे अजूनही होडी चालवणे समजतात, म्हणून थोडे शरीरशास्त्र सांगायला हवे. आजवरची ऑलिंपिक शर्यत २,००० मीटरची. नौकेनुसार ती साडेपाच ते आठ मिनिटे चालते. एवढ्या वेळात सव्वादोनशे ते अडीचशे वेळा वल्हे पाण्यात जाते. पाहणाऱ्याला वाटते काम हातांचे आहे. खरे काम पायांचे आहे. बसायची बैठक रुळावर सरकणारी असते. गुडघे मिटून पुढे यायचे, पायांनी फळीला रेटा द्यायचा, मग पाठ, मग शेवटी हात. शरीरातले बहुतेक सगळे मोठे स्नायू एकाच वेळी ऑक्सिजन मागतात. स्वस्थ बसलेल्या माणसाला मिनिटाला साधारण पाव लिटर ऑक्सिजन पुरतो. जागतिक दर्जाचा पुरुष नौकानयनपटू शर्यतीत सहा लिटरच्या पुढे जातो. सुरुवातीच्या मिनिटभरात आणि शेवटच्या झपाट्यात ऑक्सिजन कमी पडतो आणि रक्तात लॅक्टेट साचते. मधला सगळा वेळ हृदय आणि फुप्फुसे यांच्यावर निभतो. एकूण ऊर्जेचा तीन चतुर्थांशाच्या आसपास भाग ऑक्सिजनवर चालणाऱ्या यंत्रणेतून येतो.

म्हणूनच या खेळातल्या सरावाची गोष्ट बाहेरच्यांना चमत्कारिक वाटते. वर्षभरातला बराचसा सराव, साधारण पाचातला चार हिस्से, संथ गतीने होतो. शेजारच्याशी बोलता येईल इतक्या संथ गतीने, तासन्‌तास. त्यातून हृदयाच्या डाव्या कप्प्याची क्षमता वाढते, स्नायूंतल्या केशवाहिन्या आणि ऊर्जा तयार करणाऱ्या पेशीघटकांची संख्या वाढते. दम काढणारा सराव थोडाच, पण मोजून. वीस वर्षांच्या पोराला संथ चालवणे ही प्रशिक्षकाची खरी परीक्षा आहे. त्याला रोज जोर दाखवायचा असतो. रोज जोर दाखवणारा मुलगा तीन महिन्यांत थकतो, त्याची सकाळची नाडी वाढलेली राहते, झोप उडते, चिडचिड होते, बारीकसारीक सर्दीताप सुरू होतात. हे ओळखायला महागडे यंत्र लागत नाही. उठल्याबरोबर मोजलेली नाडी, वजन, लघवीचा रंग आणि ‘झोप लागली का’ एवढी विचारपूस पुरते. अट एकच, ते रोज आणि वर्षानुवर्षे करायला हवे.

निवडीतही असेच. पुण्यात दापोडीच्या सैनिकी अभियांत्रिकी महाविद्यालयात आर्मी रोइंग नोड आहे आणि भारताचे बहुतेक नामवंत नौकानयनपटू सैन्यातून आलेले आहेत. गावाकडून भरती झालेला जवान तिथे पहिल्यांदा ही निमुळती नौका पाहतो. दत्तू भोकनळचे तसेच झाले. वडील विहिरी खोदण्याचे काम करायचे. त्यांचे निधन झाल्यावर २०१२ मध्ये तो सैन्यात गेला, खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्ये. दुष्काळी गावातला असल्याने पाण्याची सवय नव्हती, उलट भीतीच होती. प्रशिक्षक कुदरत अली यांनी त्याची उंची पाहिली आणि त्याला वल्ह्याला लावले. उंच माणसाचे हात लांब, पाय लांब, त्यामुळे प्रत्येक झटक्याला वल्हे जास्त वेळ पाणी ओढते. उंची शिकवता येत नाही, पाण्याची भीती घालवता येते. आधी काय पाहायचे हे प्रशिक्षकाला कळले होते. चार वर्षांत हा मुलगा दक्षिण कोरियातल्या चुंगजू इथल्या पात्रता स्पर्धेत रौप्य मिळवून रिओ ऑलिंपिकला गेला. त्या काळात त्याची आई अपघातानंतर डोक्याच्या दुखापतीने अंथरुणाला खिळलेली होती. रिओत तो तेरावा आला. २०२० साली त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला.

सातारा जिल्ह्यातही याचे भावंड शोभेल असे उदाहरण आहे. फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव शाळेत पळायचा. अंगात ताकद कमी पडत होती, कारण खाणेच पुरेसे नव्हते. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या शिक्षकांनी त्याच्यावर लक्ष दिले, पुढे क्रीडा प्रबोधिनीत त्याच्या हाती धनुष्य आले आणि तो टोकियो ऑलिंपिकला गेला. कुठल्या शरीराला कुठला खेळ झेपेल हे ओळखणे म्हणजे अर्धे प्रशिक्षण. आपल्याकडे हे काम बहुधा योगायोगावर सोडलेले असते.

बेग यांच्या कारकिर्दीचा आलेख मोठा आहे. २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत राजस्थानच्या बजरंगलाल ताखरने एकेरीत सुवर्ण जिंकले. आशियाई स्पर्धेतले नौकानयनातले ते भारताचे पहिले सुवर्ण. चार वर्षांपूर्वी दोहात त्याने रौप्य घेतले होते. मग २०१८ चे सुवर्ण. टोकियोत अर्जुनलाल जाट आणि अरविंद सिंग यांची जोडी हलक्या वजनाच्या दुहेरीत अकरावी आली. ऑलिंपिक नौकानयनात भारताची तोवर तेवढी वरची जागा नव्हती. २०२३ मध्ये हांगझोऊला दोन रौप्य आणि तीन कांस्य मिळाली. त्यातले एक रौप्य पुन्हा याच जोडीचे. माणसे बदलत गेली, नौका बदलल्या, यश टिकले. एखाद्या असामान्य खेळाडूमुळे एखादे पदक येते. सतत तेरा वर्षे पदके येतात तेव्हा त्यामागे पद्धत असते.

ऑलिंपिक पदक मात्र अजून नाही, आणि तेही इथे सांगायला हवे. आशियात पहिले आणि जगात अकरावे यांतले अंतर नुसत्या मेहनतीचे नाही. युरोपातला मुलगा बाराव्या-तेराव्या वर्षी नौकेत बसतो. आपला जवान विशीत बसतो. हृदयाची आणि हाडांची जडणघडण होण्याच्या वयातली सात-आठ वर्षे हातची गेलेली असतात. कोणताही प्रशिक्षक ती परत आणू शकत नाही.

आता वजनकाट्याकडे. पालेमबांगला सुवर्णपदकाच्याच दिवशी हरियाणाच्या दुष्यंत चौहानने हलक्या वजनाच्या एकेरीत कांस्य मिळवले. इंचिऑनलाही २०१४ मध्ये त्याने कांस्य घेतले होते. यावेळी पदक स्वीकारताना त्याला धड उभे राहता येईना, आणि मग स्ट्रेचरवरून उपचाराला न्यावे लागले. शर्यतीआधी पोटात होते ब्रेडचे दोन तुकडे आणि एक सफरचंद, असे त्याने नंतर सांगितले. हलक्या गटात पुरुषाचे वजन साडेबहात्तर किलोच्या आत लागते. वजन शर्यतीच्या दोन तास ते एक तास आधी घेतात. म्हणजे काट्यावर उतरण्यासाठी उपाशी आणि तहानलेला राहिलेला मुलगा तासाभरात दमट उष्म्यात आयुष्यातली सर्वांत कठीण सात मिनिटे काढायला निघतो.

शरीराच्या वजनाच्या दोन टक्के पाणी कमी झाले तरी दमश्वासाच्या कामात घट दिसू लागते. सत्तर किलोच्या माणसासाठी ते फक्त १४०० मिलिलिटर आहे. रक्त दाट होते, हृदयाची गती वाढते, घाम कमी येतो आणि अंगातली उष्णता बाहेर पडायला वाट राहत नाही. पुढची पायरी म्हणजे उष्माघात, स्नायूंचे विघटन आणि त्यातून मूत्रपिंड बंद पडणे. ही भीती पुस्तकी नाही. अमेरिकेत १९९७ च्या अखेरीस महिना-सव्वा महिन्यात तीन महाविद्यालयीन पैलवान वजन उतरवताना मरण पावले. त्यानंतर तिथे नियम बदलले. पॅरिसला विनेश फोगट १०० ग्रॅमने अपात्र ठरली तेव्हा देशाने हळहळ केली, नियमांवर वाद घातला. त्या रात्री तिच्या शरीरावर काय बेतले असेल, यावर फार कमी बोलले गेले.

नौकानयनात पॅरिस ऑलिंपिकनंतर हलक्या वजनाचा गट ऑलिंपिकमधून गेला. आशियाई बांध्याच्या खेळाडूंची संधी गेली म्हणून आपल्याकडे याबद्दल नाराजी आहे. ती समजण्यासारखी आहे, भारताची चांगली कामगिरी याच गटात होती. पण वैद्यकीय नजरेने पाहिले तर वाईट झाले नाही. जो गट खेळाडूला उपाशी ठेवून पात्र करतो, त्याची उणीव भासू नये.

या संदर्भात कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव आठवतात. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला ते फ्लायवेट गटात म्हणजे ५२ किलोत खेळले आणि सहावे आले. १९५२ ला हेलसिंकीत त्यांनी कांस्य मिळवले ते बँटमवेटमध्ये, म्हणजे वरच्या, ५७ किलोच्या गटात. वाढत्या शरीराला मागे खेचण्याऐवजी त्यांनी वरचा गट घेतला. सातारा-सांगलीच्या तालमींत खाशाबांची तसबीर असते. हा तपशील वस्ताद मंडळींनी पोरांना सांगितला तर तसबिरीचे चीज होईल. कारण आजही जिल्ह्यातल्या कुस्ती आणि वजनी गटातल्या कबड्डीच्या स्पर्धांआधी मुले दोन दिवस पाणी तोडतात, प्लास्टिकचे जॅकेट घालून पळतात, कुणी तर लघवीच्या गोळ्या घेतात. त्या गोळ्यांनी पोटॅशियम उतरते आणि हृदयाचा ठोका चुकतो. वय असते पंधरा-सोळा.

शिरवळच्या रस्त्यावर पळणाऱ्यांचा प्रश्न उलटा आहे, पण मूळ तेच. इथे वजन नव्हे, वेळ उतरवायची घाई असते. भरतीची जाहिरात आली की सहा महिन्यांचा सराव सहा आठवड्यांत. रोज पूर्ण जोराने. नडगी दुखू लागली की दुखणे मारणारी गोळी आणि पुन्हा पळणे. नडगीच्या हाडाला तडा जातो तो असा. शक्तीच्या नावाने मिळणारे डबे, कधी इंजेक्शन, तेही कुणाच्या तरी सांगण्यावरून. २०२४ मध्ये झारखंडमध्ये उत्पादन शुल्क शिपाई भरतीच्या दहा किलोमीटर धावण्याच्या चाचणीत दहापेक्षा जास्त तरुण दगावले. प्रत्येकाच्या मृत्यूचे कारण एकच नसेल. उष्णता, अपुरा सराव, न तपासलेले हृदय, काही घेतलेले औषध, यांपैकी काय आणि किती, हे ज्याच्या त्याच्या बाबतीत वेगळे. पण यांतले बरेचसे आधी विचारले असते तर कळले असते.

हृदयाचे थोडे अधिक सांगायला हवे. वर्षानुवर्षे सराव केलेल्या नौकानयनपटूचे हृदय मोठे असते, त्याची भिंत थोडी जाड असते, नाडी मिनिटाला पन्नासच्या खाली जाते. हा आजार नव्हे. पण जन्मजात भिंत जाड असण्याचा एक आजार आहे आणि त्यात खेळताना अचानक मृत्यू येऊ शकतो. दोन्हींत फरक करायला ईसीजी आणि गरज पडली तर इको लागतो. त्याहून आधी तीन प्रश्न लागतात. पळताना कधी चक्कर येऊन पडलास का, छातीत दुखते का, घरात कुणी तरुणपणी अचानक गेले का. हे प्रश्न फुकट आहेत. ग्रामीण रुग्णालयात ईसीजी यंत्र असते. भरतीच्या मोसमाआधी आठवड्यातून एक सकाळ या मुलांसाठी राखली तर शासनाचा फारसा खर्च वाढणार नाही. तालुका क्रीडा अधिकारी आणि वैद्यकीय अधिकारी यांनी एकत्र बसायचे ठरवले की पुरे. अडचण आहे ती एवढीच की दोन खात्यांचे कागद एकमेकांना भेटत नाहीत.

पहाटेच्या सरावाविषयी एक सूचना इथेच. झोपेत मणक्यांमधल्या गाद्या पाणी शोषून फुगतात. उठल्यावर पहिल्या तासाभरात वाकून केलेला जोर त्यांना जास्त बाधतो. नौकानयनपटूंचे सर्वांत जुने दुखणे कंबरेचे, त्याखालोखाल बरगडीच्या हाडाला जाणारा बारीक तडा. म्हणून जाणता प्रशिक्षक मुलांना उठवल्याबरोबर एर्गोमीटरवर बसवत नाही. आधी चालवतो, हलके पळवतो. तालमीत जोर-बैठका मारणाऱ्यांनाही हे लागू आहे.

पाण्याचे आरोग्य हा आणखी एक भाग. वल्ह्याने हाताला फोड येतातच. फुटलेल्या फोडातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू आत शिरू शकतात. उंदरांच्या मूत्रातून ते पाण्यात येतात आणि पावसाळ्यात वाढतात. पुण्यात मुळा-मुठेच्या पाण्याची जी अवस्था आहे, जलपर्णी माजली की बोट क्लबच्या मुलांना वल्हे मारायला जागा उरत नाही, ती पाहिली की नौकानयनाला नदी लागते आणि नदीला लोक लागतात हे जाणवते. पावसाळ्यात नदीत उतरणाऱ्याला ताप, डोळे लाल, पोटऱ्या दुखणे असे झाले तर त्याने ‘मी पाण्यात होतो’ हे डॉक्टरांना न विचारता सांगावे. वेळेत साधे प्रतिजैविक मिळाले तर हा आजार बरा होतो. उशीर झाला तर मूत्रपिंड आणि यकृत घेऊन जातो.

कृष्णेच्या काठाला हे नवे नाही. सांगलीत पावसाळ्यात होड्यांच्या शर्यती होतात. सांगलीवाडी, डिग्रज इथली मंडळी ताकदीने वल्ही मारतात, काठावर गर्दी जमते. ताकद आहे, पाण्याची ओढ आहे, गर्दीसुद्धा आहे. वीर धरणाचे संथ पाणी शिरवळपासून हाकेच्या अंतरावर आहे. शिरवळहून दापोडीचा आर्मी नोड साठेक किलोमीटर. जीवरक्षक, पोहण्याची सक्तीची चाचणी, प्रत्येकाला तरंगते जॅकेट आणि एक प्रशिक्षित माणूस, एवढ्यावर शाळकरी मुलांसाठी सुरुवात होऊ शकते. महागड्या नौकेआधी प्रशिक्षक नेमायला हवा. आपल्याकडे क्रम उलटा असतो. आधी इमारत, मग साहित्य, मग उद्‌घाटन, आणि शिकवणारा कंत्राटावर, अकरा महिन्यांसाठी. शरीर घडायला आठ-दहा वर्षे लागतात. अकरा महिन्यांच्या नोकरीत कुणी कुणाची नाडी किती दिवस मोजणार?

पॅरिस ऑलिंपिकला भारताकडून नौकानयनात एकच खेळाडू गेला, हरियाणाचा बलराज पंवार. तोही फौजी, तोही एकेरीतला. तो तेविसावा आला. त्याला शिकवत होते बजरंगलाल ताखर, ग्वांगझूचे सुवर्णपदक विजेते.